स्टँडवरची वीतभर आक्का

गणपती गेले की आम्ही आमची नदी रिकामी करतो. आमचा होडीवाला भास्कर खाली उतरून व्हॉल्व्ह फिरवतो, आधी नुसते बुडबुडे येतात, मग पाणी गुरगुरत जायला लागतं आणि दुपारपर्यंत तळाचं शेवाळ उघडं पडतं. त्यावर भादव्यातलं ऊन तापलं की जो वास सुटतो, तो कुणाला आवडत असेल असं मला वाटत नाही. मला आवडतो. तो वास आला की मला भूक लागते आणि मथुराक्काची आठवण येते. या दोन्ही गोष्टी माझ्यापुरत्या एकच आहेत, कारण या दिवसांत आम्ही दोघी रोज एकत्र डबे उघडायचो.

नदी म्हणजे खरं तर कालवा, कमरेइतका खोल. नाशिकबाहेर, निफाडच्या रस्त्याला आमची बाग आहे. तिथं आकाशपाळणा आहे, घसरगुंड्या आहेत, पोरांना गरगर फिरवून ओकायला लावणारी यंत्रंही आहेत. पण बागेतली सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे होडीची फेरी. होडीत बसायचं, अरुंद पाण्यातून हळूहळू जायचं आणि दोन्ही काठांवर आपला जिल्हा बघायचा, गुडघ्याएवढा. घाट आहे, घाटातून बोगद्यात शिरणारी लाल एसटी आहे, धरण आहे, निफाडचे द्राक्षमळे आहेत, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या आहेत, डोंगरात लेणी आहेत, नामपूरचा कांदाबाजार आहे. घरं गुडघ्याला लागतात आणि माणसं वीतभर. या सगळ्याची देखभाल माझ्याकडे आहे. पावसाळा संपल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फेरी बंद असते, आणि तेवढ्या दिवसांत जिल्हा उभा करायचा असतो.

पाऊस या गावांचं काय करतो ते बघायला कधी तरी यावं. कौलांवर शेवाळ चढतं, भिंतींना ओल मारते. घाटात एखादी गोगलगाय आडवी पडलेली असते आणि तिच्यापायी वाहतूक बंद. देवळासमोर नंदीच्या जागी बेडूक बसतो आणि आम्ही येताना दिसलो तरी हलत नाही, त्याचाच अधिकार जास्त असल्यासारखा. माणसांची तोंडं धुऊन निघतात. कुणाचे डोळे गेलेले, कुणाच्या मिशा वाहून गेलेल्या, सगळ्या बायकांची लुगडी एकाच मळक्या रंगाची. मग त्यांना क्रेटमध्ये भरून शेडमध्ये आणायचं, टबात बुडवून दात घासायच्या ब्रशानं घासायचं, वाळवायचं आणि परत डोळे द्यायचे. नवीन काही उभं करणं सोपं असतं, लोक टाळ्या वाजवतात. आहे ते तसंच ठेवलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात आलं नाही म्हणजे काम चांगलं झालं, असा आमचा उलटा धंदा आहे.

मी इथं आले तेव्हा पहिल्याच दिवशी चपला घालून शिवारात शिरले, आणि मागून आवाज आला, "अगं ए, गहू तुडवतेस का?" बघते तर एक बुटकी बाई, कमरेला पदर खोचलेला, हातात नखं कापायची कात्री. त्या कात्रीनं ती वडाचं झाड छाटत होती. वड खराच, पण माझ्या कमरेइतका ठेवलेला. ती मथुराक्का. तिनं मला चपला काढायला लावल्या आणि पाय कुठं ठेवायचे ते शिकवलं. देवळाच्या मागं एक वीट पुरलेली आहे, विहिरीच्या बाजूला एक, उसाच्या आत एक. बाहेरून दिसत नाहीत, पायाला कळतात. आजही डोळे बांधून मला सोडलं तर मी निफाडहून एकलहऱ्याला एक फांदी न मोडता जाईन.

आक्का मूळची नामपूरची. नाशिकला येऊन उभा जन्म गेला, तरी रागावली किंवा फार बरं वाटलं की अहिराणीवर यायची. 'इथे' म्हणायचं तर 'आठे', 'आहे' म्हणायचं तर 'शे'. बागेत ती तण काढायला म्हणून लागली होती. एका वर्षी एका वीतभर बाईच्या लुगड्याचा रंग उडालेला तिला बघवला नाही, म्हणून तिनं रंगाचा डबा उघडला, आणि मग तो बंदच झाला नाही. घरांच्या मागच्या भिंतीही ती रंगवायला लावायची. मी कुरकुर करायची, होडीतून मागची भिंत कुणाला दिसणार आहे? ती म्हणायची, "पाऊस काय पुढूनच येतो का?" मी मागची भिंत रंगवायची.

आमच्या दोघींची एक फजिती आजही बागेत सांगतात. नामपूरच्या बाजारात कांद्याचे ढीग हवे होते, आणि आम्हाला वाटलं, हरभरे गेरूच्या पाण्यात बुडवून वाळवले की झाले कांदे. झाले पण. इतके सुंदर दिसले की आम्ही दोघी एकमेकींचं कौतुक करून थकलो. निम्मे खारींनी नेले, ते ठीक. उरलेल्यांवर ऐन दिवाळीच्या तोंडावर अवकाळी सर आली, आणि फेरी उघडली त्या सकाळी बाजारात प्रत्येक कांद्याला हरभऱ्याचा कोंब. भास्कर होडीतून बघत गंभीरपणे म्हणाला, "यंदा नामपूरला लय उतारा हाय बरं का." आक्का आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. तेव्हापासून आम्ही गुंजा वापरतो. त्या कुणी खात नाही आणि त्या लवकर उगवतही नाहीत.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. आमची कॉलनी जवळच, त्यामुळे चिमणीचा धूर हे माझ्या लहानपणीचं हवामान होतं. धूर कुठं वळलाय ते बघून आई कपडे वाळत घालायची. मी इथं लागल्यावर वडील एकदा होडीत बसून गेले. सगळं बघून झाल्यावर एवढंच म्हणाले, "चिमणी बरोबर आहे. धूर कुठाय?" मला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी मी चिमणीत उदबत्त्या खोचल्या. संध्याकाळपर्यंत वीज केंद्रातून मोगऱ्याचा वास येत होता. आक्का हसून हसून विहिरीच्या विटेवरून घसरली. पण दुसऱ्या सकाळी तिनंच साधा धूप आणला, बिनवासाचा म्हणावा असा, आणि मला न सांगता चिमणीत लावला. वडील आता नाहीत. धूप अजून लावतो.

आता घाटाखालच्या एसटी स्टँडची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथं आहे. या जिल्ह्यात आम्हा कामगारांचीही वीतभर माणसं आहेत. कुणी कामाला लागलं की एक जुनं माणूस काढून त्याच्या चेहऱ्यामोहऱ्याचं रंगवायचं आणि त्यानं सांगितलेल्या जागी ठेवायचं. भास्कर धरणावर गळ टाकून बसलाय. मी एकलहऱ्याच्या फाटकाशी उभी आहे, हातात वडिलांचा डबा. आक्का नामपूरच्या बाजारात गुंजांच्या ढिगापाशी बसलेली, हिरवं लुगडं, कांदा उचलायला हात पुढे केलेला. स्वतःला रंगवताना तिनं कंबर चांगलीच बारीक केली होती. मी विचारलं तर म्हणाली, "ऊन लय होतं त्या साली, वाळले होते."

आणि कुणी काम सोडलं, की त्याचं माणूस तिथून उचलून घाटाखालच्या एसटी स्टँडवर बसवायचं. बागेचे पहिले माळी दौलतकाका काम सोडून गेले तेव्हा कुणीतरी हे गमतीनं केलं, त्यांच्या हातात छत्री देऊन त्यांना बाकावर बसवलं, आणि मग तो नियमच झाला. आता तिथं दौलतकाका आहेत, जुना वायरमन आहे मांडीवर पाने-पकडीची पिशवी घेऊन, तिकिटं फाडणाऱ्या कमलताई आहेत. गंमत अशी की गाडी त्या स्टँडवर येतच नाही. ती घाटात वर फिरते, एका बोगद्यातून जाते, दुसऱ्यातून निघते. स्टँड नंतर बांधला, त्यामुळे खाली यायला तिला रस्ताच नाही. होडीतल्या पोरांना ते कळत नाही. त्यांना वाटतं, गाडी निघालीच आहे.

तर तो हंगाम. काही वर्षं झाली. नदी रिकामी केली त्या दिवशी आक्का नेहमीसारखी शिवारात शिरली, देवळामागच्या विटेवर एक पाय ठेवला, आणि दुसरा उचलेनाच. गुडघे आधीपासून कुरकुरत होते, पण आम्ही दोघींनी त्याकडे कानाडोळा केला होता. मी आणि भास्करनं तिला दोन्हीकडून धरून बाहेर काढलं. तिनं कात्री माझ्या हातात दिली आणि शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसली. पुढचा सगळा हंगाम ती तिथूनच काम करत होती. मी क्रेट भरून माणसं आणायची, ती डोळे द्यायची.

तिच्या मुलानं नामपूरला स्लॅबचं घर बांधलं होतं आणि तो तिला कधीचा बोलावत होता. दिवाळीनंतर ती जाणार हे सगळ्यांना ठाऊक झालं. एका दुपारी डबे उघडले होते, तिची कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझी मेथीची भाजी. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "नंदे, एक सांगू? माले स्टँडवर बसाडू नको."

मी हसले. ती हसली नाही.

"लग्न झालं तेव्हा सटाण्याच्या स्टँडवर बसले, गाडी चुकली म्हणून. मालक गेले तेव्हा पोराला मांडीवर घेऊन बसले, ट्रंकेवर. कामासाठी नाशिकला आले तेव्हा बसले. जनमभर बसलेच शे. आणि त्या गाड्या येत तरी होत्या. ह्या स्टँडवर गाडी येस का? नाही ना येत? मग सिमेंटची झाल्यावर तरी कशाला बसवता?"

मी म्हटलं, "नाही बसवणार." मला तिची जागा बदलायची नव्हती, एवढंच नव्हतं. मला ती जायला नको होती. हे तिला सांगायचं तर ती म्हणाली असती, रडतेस काय, ठेचा तिखट झालाय का. म्हणून सांगितलं नाही.

त्या दिवसांत काम करताना एक गोष्ट फार जाणवायची. खरा जिल्हा बदलत चाललाय. नाशिकात उड्डाणपूल झाले, आक्काचं कौलारू घर पाडून स्लॅब पडला, आमची कॉलनीही ओळखू येत नाही. होडीतली माणसं विचारतात, यात उड्डाणपूल का नाही? एका मॅनेजरनंही विचारलं होतं. आक्कानं त्यांना सांगितलं, "साहेब, पूल पाहायचा तर बाहेर फुकट दिसतो." तिचं जुनं घर फक्त आमच्याकडे उरलंय, नामपूरच्या बाजारामागं, लाल कौलं, दारात तुळस. तुळस खरी आहे, दर पंधरवड्याला छाटावी लागते, नाहीतर घराच्या वर जाते. नामपूरला जाण्याआधी आक्कानं त्या घराची कौलं एक एक करून स्वतः रंगवली. मी शेडमध्ये घर उचलून आणून दिलं होतं. रंगवताना ती त्याच्याशी पुटपुटत बोलत होती, आणि मी ब्रश धुवायच्या निमित्तानं बाहेर थांबले.

फेरी उघडायच्या आधी आमच्याकडे एक पद्धत आहे. नदी भरायची, आणि एकानं होडीच्या तळाशी बसून पूर्ण फेरी मारायची, म्हणजे डोळे बरोबर लहान पोराच्या उंचीला येतात. उभ्यानं सगळं छान दिसतं. खालून बघितलं की कळतं, इथं वीट उघडी पडलीय, तिथं वायर लोंबतेय. हे काम कायम आक्काचं, कारण आमच्यात बुटकी तीच. आम्ही डोंगराआड दडून बसायचं, आणि ती होडीतून ओरडत जायची. "देवळाचा कळस कललाय." "भास्करच्या गळाला दोरी नाही." त्या वर्षीही ती बसली. भास्करनं तिला उचलूनच होडीत ठेवलं. ती पूर्ण फेरीभर ओरडली आणि आम्ही पूर्ण फेरीभर धावलो. स्टँडपाशी मात्र तिनं मान दुसरीकडे फिरवली.

दिवाळीनंतर ती नामपूरला गेली, आणि भास्कर माझ्यापाशी आला. "नंदाताई, आक्काला हलवायला पायजे."

"ती नको म्हणाली आहे."

"कोण हो म्हणतंय? दौलतकाका तरी म्हणाले होते का? आक्काला वेगळं ठेवलं, तर उद्या कमलताई येऊन मला विचारतील. नियम सगळ्यांना सारखा हाय." त्याचाही आवाज नीट नव्हता. आक्काच्या हातात द्यायला त्यानं चिमुकली पिशवीसुद्धा शिवून आणली होती, स्वतःच्या जुन्या सदऱ्याची. ती बघितल्यावर मला त्याच्याशी भांडता येईना.

मी तीन-चार दिवस नुसती धुसफुसत होते. नियम मोडला तर भास्करचं मन मोडतं, पाळला तर माझा शब्द. मग एका सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जायला खऱ्या स्टँडवर उभी होते. गाडीला उशीर होता. समोर एक बाई गोणपाटावर पेरूंची टोपली मांडून बसली होती. गाड्या आल्या, गेल्या, फलाटावरची सगळी माणसं बदलली. ती तिथंच. कुणी तिला विचारलं नाही की मावशी, कुठं निघालात. स्टँडवर बसलेला प्रत्येक जण गाडीची वाट बघत नसतो, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. मी बहिणीकडे गेलेच नाही. तिनं त्याबद्दल मला वर्षभर ऐकवलं.

अर्ध्या अक्रोडाच्या कवचाची टोपली केली. मातीच्या गोळ्यांचे पेरू केले, हिरवेगार रंगवले. आक्काला बाजारातून उचललं आणि स्टँडच्या दारात, उजेडात, सगळ्यांकडे तोंड करून बसवलं. तिचा हात आधीपासूनच पुढे होता. कांदा उचलणारा हात आता पेरू पुढे करू लागला. भास्करची पिशवी टोपलीखाली अंथरली.

भास्करनं वाकून बघितलं. "स्टँडवर हाय खरी."

"आहे ना? मग झालं."

"पण ही जाणार कुठं?"

"कुठंच नाही."

त्यानं टोपलीतला एक पेरू बोटानं सरळ केला. मग म्हणाला, "दौलतकाकांना एक पेरू ठेवा. म्हातारा कधीचा उपाशी बसलाय." आणि तेवढं बोलून होड्या धुवायला गेला.

पण आक्कानं ते बघितलंच नव्हतं. गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, एकाचं आधी, दुसऱ्याचं नंतर, आणि तिचं नाशिकला येणं राहत गेलं. फोनवर ती सगळं विचारायची, वड किती वाढला, खारी काय म्हणतात, धूप लावतेस ना. स्टँडचं विचारायची नाही. मीही काढायची नाही. दर हंगामात तिचं लुगडं हिरवं करताना एकच मनात यायचं. तिला वाटलं तर, की शेवटी बसवलीच हिनं मला स्टँडवर? शब्द पाळला की पळवाट काढली, हे मी स्वतःलाही विचारून बघितलं होतं. उत्तर तिच्याकडेच होतं.

या वर्षी तिचा फोन आला. "नदी भरली का? होडीत कोण बसतंय?" मी म्हटलं, कुणी नाही, सगळे उंच आहेत. ती म्हणाली, "मग येते."

मुलानं तिला गाडीतून आणून सोडलं. केस पार पांढरे झालेत, पण चाल आमच्यापेक्षा बरी. कुणाची मदत न घेता ती होडीच्या तळाशी बसली. मी घाटाच्या डोंगराआड दडले, आणि होडी निघाली. "धरण लय पांढरं केलंय." "वड देवळाच्या वर गेला, कात्री हरवली का?" "नंदे, तुझ्या बापाच्या डब्याचं झाकण उघडं शे." मी धावत होते, हसत होते, आणि होडी नामपूरच्या वळणाला लागली तशी माझी धाव थांबली. तिचं घर गेलं. बाजार गेला, तिच्याशिवायचा. मग स्टँड आला.

भास्करनं न सांगता मोटर बंद केली. पाणी हळूहळू स्थिर झालं. मला डोंगराआडून फक्त तिच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. वर घाटात लाल गाडी एका बोगद्यातून निघाली, दुसऱ्यात गेली. पदर हलला नाही. मला वाटलं, आता उठून चालू लागेल.

"नंदे." आवाज चढलेला होता. "इकडं ये."

मी आले. काठावर, तिच्यासमोर, अनवाणी उभी राहिले. ती माझ्याकडे बघतही नव्हती, टोपलीकडे बघत होती.

"सगळे पेरू हिरवे? दिवाळीच्या दिवसांत पेरू पिवळा होतो, एवढं कळत नाही तुला? असला कच्चा माल घेऊन बसवलं मला इतकी वर्षं? कोण घेईल?"

मी विचारलं, "म्हणजे, चालेल ना आक्का? इथं?"

आता तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, आणि तोंड नेहमीसारखं वाकडं केलेलं.

"आठेच शे ना मी," ती म्हणाली. "जा, पिवळा आण."